अभ्यासिकेतली पॅनेल, कॅमेऱ्यातले पट्टे आणि एक हजार मायक्रोफॅरड

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका अभ्यासिकेला तुम्ही २ बाय २ फुटांची, ३६ वॉटची ४० एलईडी पॅनेल बनवून दिली. पट्ट्या आणि फ्रेम तुमच्या, ड्रायव्हर (लाइनच्या विजेतून एलईडीला लागणारा करंट देणारा डबा) बाजारातून घेतलेले, १ अँपिअरचे, लेबलवर ‘फ्लिकर फ्री’ छापलेलं. महिन्याभरात मुलं तक्रार करू लागली की संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. मग कोणीतरी मोबाइलचा कॅमेरा वर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. आता मालक उरलेलं बिल अडवून बसलाय, आणि तुम्ही विचारताय की ड्रायव्हरच्या आउटपुटला १००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, जोडला तर भागेल का.

पट्टे फिके होतील, जाणार नाहीत. आणि ५० व्होल्टचा तर जोडूच नका. त्याचं कारण पुढे सांगतो. पण तुमचा खरा प्रश्न कपॅसिटरचा नाहीच. वीज सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, तो चढउतार ड्रायव्हरमध्ये कुठे जिरवलाय, हा खरा प्रश्न आहे. तो कुठेच जिरवलेला नसेल तर तो तुमच्या एलईडीत येणार.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. डोळ्याला सरळ दिसणारी लुकलुक आणि कॅमेऱ्यात दिसणारे पट्टे हे दोन वेगळे आजार आहेत. दिवा लपलपताना नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तर तो सेकंदाला शंभर वेळचा रिपल, म्हणजे करंटमधला चढउतार, नव्हे. तिथे सैल न्यूट्रल बघा, व्होल्टेज फार खाली जातंय का बघा, पंख्याचा रेग्युलेटर किंवा जुना डिमर लाइनवर आहे का बघा. दर सेकंद-दोन सेकंदाला दिवा विझून पेटत असेल तर ड्रायव्हर प्रोटेक्शनमध्ये जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतोय. तुमच्याकडे डोळ्याला दिवा स्थिर दिसतो आणि फक्त कॅमेऱ्यात पट्टे येतात, म्हणजे आपण १०० हर्ट्झबद्दलच बोलतोय असं धरून पुढे जातो.

आपली वीज ५० हर्ट्झची. एका सायकलमध्ये व्होल्टेज दोनदा शून्यावर येतं, म्हणून लाइनमधून मिळणारी शक्ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर जाते आणि १०० वेळा सरासरीच्या दुपटीला पोचते. एलईडीला मात्र सारखा करंट हवा. हा नळाच्या पाण्यासारखा मामला आहे. पाणी ठरावीक वेळी येतं, वापर दिवसभर चालतो, म्हणून गच्चीवर टाकी लागते. ड्रायव्हरमध्ये टाकीचं काम कपॅसिटर करतो. प्रश्न टाकी आहे की नाही एवढाच नसतो. ती कुठे बसवलीय आणि तिच्यातली पातळी किती खालीवर होऊ शकते, हे जास्त महत्त्वाचं.

जुन्या साध्या ड्रायव्हरमध्ये ब्रिज रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर, लगेच ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक (मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर) असायचा. टाकी समोरच. रिपल कमी, पण पॉवर फॅक्टर (लाइनमधून वीज किती नीट ओढली जाते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ०.५-०.६ च्या आसपास, कारण लाइनमधून करंट फक्त टोकाला ओढला जायचा. मग टेंडरात पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर मागायला लागले, २५ वॉटच्या वरच्या दिव्यांना हार्मोनिकच्या, म्हणजे लाइनच्या करंटचा आकार किती बिघडवायचा याच्या, मर्यादाही कडक आहेत. त्यावर स्वस्त तोड निघाली ती सिंगल-स्टेज पीएफसी फ्लायबॅकची, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणं आणि एलईडीला करंट देणं ही दोन्ही कामं एकाच टप्प्यात करणाऱ्या ड्रायव्हरची. त्यात तो ४०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर काढूनच टाकलेला असतो. एकच आयसी, एकच मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचा प्रकार), एकच ट्रान्सफॉर्मर. पॉवर फॅक्टर ०.९५ च्या पुढे. आणि लाइनमधली सगळी भरती-ओहोटी थेट आउटपुटला. चांगला पॉवर फॅक्टर आणि कमी दर एकत्र मागितला की रिपल वर फुकट मिळतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. कोणाला आवडत नाही.

इथे नेहमीचा प्रश्न येतो: हा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आहे ना, मग कंट्रोल लूप, म्हणजे करंट मोजून तो दुरुस्त करणारी यंत्रणा, करंट सरळ का करत नाही? कारण त्याला मुद्दाम आंधळा ठेवलेला असतो. सिंगल-स्टेजमध्ये लूपचा वेग साधारण १०-२० हर्ट्झच्या आसपासच ठेवावा लागतो. तो १०० हर्ट्झला दाद द्यायला लागला तर इनपुट करंटचा आकार बिघडेल आणि ज्या पॉवर फॅक्टरसाठी हे सगळं केलं तोच जाईल. म्हणून लेबलवरचं ‘कॉन्स्टंट करंट’ म्हणजे सरासरी करंट स्थिर. क्षणाक्षणाचा नाही.

आता तुमच्या हजार मायक्रोफॅरडचा हिशोब करू, कारण इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो होतो.

३६ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ३६ ओहम, असं आपण सहज म्हणतो. एलईडी असा वागत नाही. त्याला आधी ठरावीक व्होल्टेज लागतं, आणि त्यानंतर जरा व्होल्टेज वाढलं की करंट झपाट्याने वाढतो. हा जो चढ आहे, म्हणजे व्होल्टेज किती बदललं की करंट किती बदलतो, तोच रिपलसाठी खरा रेझिस्टन्स. १२ एलईडी सिरीजमध्ये आणि अशा दहा-बारा ओळी पॅरलल, अशा पॅनेलला तो साधारण ३ ओहमच्या आसपास येतो. तुमच्या पॅनेलचा तुम्ही स्वतः मोजा, सोपं आहे. पॅनेल गरम झाल्यावर बेंच सप्लायवरून (करंट हवा तसा ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय) ०.९ अँपिअर द्या, व्होल्टेज लिहा. लगेच १.१ अँपिअर द्या, व्होल्टेज लिहा. फरक ०.६ व्होल्ट आला, तर ०.६ भागिले ०.२, म्हणजे ३ ओहम.

सिंगल-स्टेजमध्ये कपॅसिटर नसताना एलईडीचा करंट शून्य ते दुप्पट असा डोलतो. कपॅसिटर लावल्यावर तो डोल किती उरतो, याचं ढोबळ सूत्र असं: ६२८ गुणिले एलईडीचा तो रेझिस्टन्स गुणिले फॅरडमधली कपॅसिटी. या आकड्याचा वर्ग करून त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, आणि १ ला त्याने भागा. एलईडी पूर्ण सरळ रेषेत वागत नाही, त्यामुळे स्कोपवर (वेव्हफॉर्म दाखवणारा ऑसिलोस्कोप) थोडं इकडेतिकडे दिसेल. पण निर्णय घ्यायला हे पुरतं.

तुमच्या ड्रायव्हरच्या आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आधीच आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ९४०. उत्तर येतं सुमारे ०.४९. करंट १ अँपिअरच्या आजूबाजूला ४९ टक्के वर आणि ४९ टक्के खाली जातो. प्रकाशही जवळपास तसाच, कारण पांढऱ्या एलईडीतला नेहमीचा पिवळा फॉस्फर (निळ्या प्रकाशाचा पांढरा करणारा थर) १०० हर्ट्झला काही सावरून घेण्याइतका मंद नसतो. त्यात तुमचे हजार मिळवा, १९४० झाले. रिपल येतो सुमारे २६ टक्के. अर्धा झाला, मान्य. पण ८ टक्क्यांवर आणायचा तर एकूण ६६०० च्या वर लागतात, आणि ३ टक्क्यांच्या आसपास आणायचा तर सोळा हजार. ते तुमच्या पॅनेलच्या जाडीत बसणार नाहीत आणि बसवूही नयेत.

आता टाकीच्या जागेचं गणित बघा. एलईडीला रिपल कमी हवा म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या टाकीची पातळी जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट हलायला हवी. तीन इंचच उतार चालणारी टाकी असेल तर ती मैदानाएवढी रुंद लागते. तोच कपॅसिटर ४०० व्होल्टच्या बाजूला ठेवला आणि पातळी ४० व्होल्ट खालीवर होऊ दिली, तर ४० वॉटला ८ मायक्रोफॅरड पुरतात. आपण १० किंवा २२ टाकतो. पुढची दुसरी स्टेज ते ४० व्होल्ट गिळते आणि एलईडीला सरळ करंट देते. दोन स्टेजच्या ड्रायव्हरचं रहस्य एवढंच आहे. जास्त कपॅसिटर नाही, योग्य जागी कपॅसिटर.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही एका बॅडमिंटन हॉलसाठी ड्रायव्हर बनवले. टेस्ट बेंचवर लोड म्हणून वायरवाउंड रेझिस्टरची पेटी होती. स्कोपवर रिपल सुंदर दिसायचा, ५ टक्क्यांच्या आत. माल गेला. आठवड्याभरात तिथल्या कोचचा फोन आला की स्मॅश मारल्यावर शटल तुटक तुटक दिसतं, ठिपक्यांची रांग उडत गेल्यासारखं. आम्ही म्हटलं, तुमच्या डोळ्यांचा भास असेल. जाऊन बघितलं तर खरंच तसं दिसत होतं. परत येऊन रेझिस्टरच्या जागी एलईडी जोडले आणि घामच फुटला. तुमच्याच आकड्यांत सांगायचं तर ३६ ओहमचा रेझिस्टर आणि ९४० मायक्रोफॅरड यांवर रिपल येतो ४.७ टक्के. तोच ड्रायव्हर, तोच कपॅसिटर, एलईडीवर ४९ टक्के. तेव्हापासून रेझिस्टरची पेटी फक्त बर्न-इनला, म्हणजे माल बराच वेळ चालवून बघायला, वापरतो. इलेक्ट्रॉनिक लोड वापरत असाल तर तोही रेझिस्टन्स मोडवर ठेवू नका. एलईडी मोड असेल तर त्यात मघाशी मोजलेला रेझिस्टन्स घाला, नसेल तर सरळ पॅनेलच जोडा.

तुमच्या ‘फ्लिकर फ्री’ लेबलमागे असाच काही प्रकार असण्याची शक्यता मला जास्त वाटते. नेहमी लबाडीच असते असं नाही. व्होल्टेजचा रिपल मोजून तोच आकडा छापणारेही आहेत. तुमच्या पॅनेलवर व्होल्टेज ३६ च्या आजूबाजूला जेमतेम दीड व्होल्ट हलत असेल, म्हणजे ४ टक्के. वाचायला किती छान! पण त्या ४ टक्क्यांचेच करंटमध्ये ४९ होतात. शिवाय रिपल सांगायची एकच पद्धत नाही. कोणी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा फरक सरासरीने भागतो, कोणी त्याचा निम्मा आकडा देतो. पहिल्या पद्धतीने तुमचा ड्रायव्हर ९८ टक्के, दुसऱ्या पद्धतीने ४९. विकणाऱ्याला विचाराल तेव्हा एका दमात तिन्ही विचारा: करंटचा रिपल की व्होल्टेजचा, टोक ते टोक की निम्मा, आणि लोड कोणता होता. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर समजून जा.

किती रिपल चालतो? हे जागेवर अवलंबून आहे. जिना, पार्किंग, गोडाऊन इथे ३० टक्के असला तरी कोणी ओरडणार नाही. मुलं दहा-दहा तास पुस्तकात डोकं घालून बसतात तिथे मात्र मी कडक असतो. आधाराला आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचं १७८९ क्रमांकाचं, २०१५ चं शिफारसपत्र आहे. त्यात ९० ते १२५० हर्ट्झच्या पट्ट्यात कमी धोक्याची मर्यादा फ्रिक्वेन्सीच्या ०.०८ पट टक्के धरली आहे, म्हणजे आपल्या १०० हर्ट्झला ८ टक्के. आणखी सुरक्षित पातळी ३.३ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे त्या निम्म्या पद्धतीचे, म्हणजे कमाल वजा किमान भागिले कमाल अधिक किमान. कायद्याची सक्ती नव्हे, शिफारस आहे. युरोपात वेगळं माप वापरतात. स्ट्रोबोस्कोपिक परिणामासाठी, म्हणजे हलती वस्तू तुटक किंवा थांबलेली दिसण्यासाठी, एसव्हीएम नावाचा आकडा, आणि तिथे आता त्याची मर्यादा ०.४ आहे. माल बाहेर पाठवणार असाल तर ते बघा. अभ्यासिकेसाठी ८ टक्के डोक्यात ठेवा.

मुलांच्या डोकेदुखीबद्दल जरा सांभाळून बोलतो. मी डॉक्टर नाही, आणि डोकं दुखायला कमी झोप, कोंदट खोली, पुस्तकावर पडणारी चकाकी अशी शंभर कारणं असतात. पण तक्रार उडवून लावू नका. १९८९ साली इंग्लंडमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑफिसात साध्या चोकच्या ट्यूब आणि हाय फ्रिक्वेन्सी चोकच्या ट्यूब यांची तुलना केली होती. कोणत्या दिवसांत कोणत्या ट्यूब लागल्यात हे बसणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. हाय फ्रिक्वेन्सी चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. म्हणजे डोळ्याला न दिसणारी १०० हर्ट्झची डोलदेखील काहींना बाधते. ‘पिवळ्या बल्बच्या काळात कोणाला काही होत नव्हतं’ असं कोणी म्हटलं तर त्यालाही उत्तर आहे. तो बल्बही सेकंदाला शंभर वेळा डोलायचा, पण तापलेली तार इतक्या लवकर थंड होत नाही, त्यामुळे डोल थोडीच राहायची. एलईडीला असली उबदार आठवण नसते. करंट गेला की प्रकाश गेला.

मोजायचं कसं? मोबाइलच्या ऑटो मोडवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंनी. कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० वर असला तर १०० हर्ट्झचे पट्टे आपोआप गायब होतात, दिवा कितीही वाईट असो. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/१००० किंवा त्याहून जलद करा, मग खरं रूप दिसतं. तरी तो अंदाज झाला, आकडा नव्हे.

आकड्यासाठी मी एक स्वस्त जुगाड वापरतो. बागेतल्या सोलर दिव्याचा छोटा सोलर सेल घ्या, त्याच्या दोन टोकांत १०० ओहमचा रेझिस्टर लावा, आणि त्यावर स्कोपचा प्रोब. सेल दिव्याकडे धरला की प्रकाशाचा वेव्हफॉर्म समोर. दोन चुका टाळा. स्कोप डीसी कपलिंगवर ठेवा. एसीवर ठेवलात तर डोल दिसेल, पण सरासरी नाहीशी होईल आणि टक्के काढताच येणार नाहीत. दुसरं, खिडकीचा पडदा ओढा, बाकीचे दिवे बंद करा. दिवसाचा उजेड सेलवर पडला तर सरासरी फुगते आणि वाईट दिवासुद्धा सभ्य दिसतो. मग वरचं टोक आणि खालचं टोक वाचा, फरकाला बेरजेने भागा.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे कशाला हात लावावा लागत नाही. स्वस्त ट्यूब आणि बल्बमधले बरेच ड्रायव्हर नॉन-आयसोलेटेड असतात, म्हणजे त्यांचं आउटपुट लाइनपासून वेगळं केलेलं नसतं. त्यांच्या आउटपुटच्या वायरला हात लावणं म्हणजे फेजला हात लावणं. स्कोपची अर्थ क्लिप तिथे लावलीत तर ट्रिपर पडला तर नशीब, नाहीतर स्कोप गेला. तुमचा ड्रायव्हर आयसोलेटेड आहे याची खात्री असेल तर आउटपुटच्या एका वायरमध्ये ०.१ ओहमचा रेझिस्टर घालून त्यावर करंट थेट बघा. १ अँपिअरला १०० मिलिव्होल्ट दिसतील.

आता ५० व्होल्टच्या कपॅसिटरला नाही का म्हटलं ते सांगतो. पॅनेल ३६ व्होल्टचं असलं तरी ड्रायव्हर मोकळा सुटला, म्हणजे आउटपुटची पिन सैल झाली, तर तो वर चढतो. लेबलवर ‘नो लोड व्होल्टेज’ बघा. ५० ते ६० च्या आत काहीही असू शकतं. ५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे फुगतो किंवा फुटतो, आणि पीओपीच्या वर फुटलेला इलेक्ट्रोलिटिक म्हणजे खालच्या मुलांच्या अंगावर वाफ आणि कागदाचे तुकडे. किमान ६३ व्होल्टचा घ्या. दुसरी भीती याहून मोठी आहे. ड्रायव्हर चालू, पॅनेलची पिन निघालेली, मोठा कपॅसिटर ५५ व्होल्टपर्यंत भरलेला. आता कोणीतरी शिडीवर चढून पिन खोचतो. कपॅसिटर क्षणात एलईडीत रिकामा होतो, कित्येक अँपिअरने. एलईडी तेव्हाच मरतात किंवा दोन महिन्यांनी मरतात, आणि तुम्ही पट्टीच्या माणसाला शिव्या देता. तिसरं, ड्रायव्हर सुरू होताना त्याला ती सगळी टाकी भरावी लागते. टाकी फार मोठी असली तर त्याला आउटपुट शॉर्ट वाटतं, तो बंद होऊन पुन्हा प्रयत्न करतो, आणि दिवा टिकटिक करत राहतो. ड्रायव्हर बनवणाऱ्याने किती जास्तीची कपॅसिटी चालेल ते सांगितलेलं नसेल तर प्रयोग एकाच पॅनेलवर करा, तोही कमी व्होल्टेजला.

तुमच्यापुढे कोणते मार्ग आहेत ते माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. पहिला अर्थातच ड्रायव्हर बदलणं. दोन स्टेजचा किंवा ज्याचा रिपल एलईडी लोडवर ८ टक्क्यांच्या आत तुम्ही स्वतः मोजलाय असा. महाग पडतो, ४० नगांचं काय होतं ते मला कळतं. पण अडकलेलं बिल आणि पुढची ऑर्डर हेही त्याच हिशोबात धरा.

दुसरा मार्ग म्हणजे रिपल रिमूव्हर. ड्रायव्हर आणि पॅनेल यांच्यामध्ये एक छोटी पट्टी बसते, तिच्यावर एक आयसी आणि एक मॉस्फेट. मॉस्फेट स्वतःवर डोलणारं व्होल्टेज घेतो आणि एलईडीला सरळ करंट सोडतो. किंमत किरकोळ, काम चोख, पण फुकट नाही. जेवढं व्होल्टेज डोलतं तेवढं तो उष्णतेत जाळतो. तुमच्या ९४० मायक्रोफॅरडवर डोल टोक ते टोक साधारण ३.४ व्होल्ट होईल, म्हणजे मॉस्फेटवर सरासरी २ व्होल्ट आणि १ अँपिअरला २ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय ते जमणार नाही. इथे मात्र तुमचे हजार मायक्रोफॅरड कामाला येतात. ते जोडले तर डोल १.६ व्होल्टवर येतो आणि उष्णता १.१ वॉटच्या आसपास. पट्टी पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या पाठीला चिकटवली की निभावते. ड्रायव्हरला एक-दोन व्होल्ट जास्त द्यावे लागतील, तेवढी जागा त्याच्या रेंजमध्ये आहे का ते लेबलवर बघून घ्या. आणि पिन काढ-घाल करायची भीती इथेही आहेच, म्हणून कनेक्टर लॉकचा वापरा.

तिसरा मार्ग जुन्या इलेक्ट्रिशियन लोकांचा. अभ्यासिकेत एअर कंडिशनर असतील तर बहुधा थ्री फेज असेल. ओळीतली पॅनेल आर, वाय, बी अशी आलटून पालटून जोडा. तीन फेजची डोल एकमेकींच्या आड येते, आणि तिन्हींचा प्रकाश जिथे सारखा मिसळतो तिथे १०० हर्ट्झ जवळपास मावळतो. अडचण एवढीच की टेबलावर डोक्यावरच्या पॅनेलचाच प्रकाश जास्त पडतो, त्यामुळे सुधारणा होते, पूर्ण इलाज होत नाही. आणि एकाच बोर्डात दोन फेज आल्या तर त्यांच्यात ४१५ व्होल्ट असतात, म्हणून हे काम परवानाधारक माणसाकडूनच.

कारखान्यात ही आर-वाय-बीची रीत ट्यूबलाइटच्या काळापासून आहे, आणि तिथे ती डोळ्यांसाठी नसून बोटांसाठी आहे. लेथवर काम पकडून २००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरणारा तीन जबड्यांचा चक सेकंदाला शंभर वेळा त्याच जागी जबडा आणतो. १०० हर्ट्झने डोलणाऱ्या दिव्याखाली तो थांबल्यासारखा दिसू शकतो. वर्कशॉपसाठी पॅनेल बनवत असाल तर रिपलचा विचार अभ्यासिकेपेक्षाही आधी करा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आजचा रिपल दोन वर्षांनी तोच राहत नाही. इलेक्ट्रोलिटिक सुकत जातो, कपॅसिटी घटते, डोल वाढते. १०५ डिग्री, ५००० तासांचा कपॅसिटर ७५ डिग्रीवर राहिला तर दर १० डिग्रीला आयुष्य दुप्पट या ठोकताळ्याने ४०,००० तास चालतो. अभ्यासिका रोज १६ तास चालत असेल तर सात वर्षांच्या आसपास. त्याच जागी ८५ डिग्री, २००० तासांचा बसवला असेल तर ४००० तास, म्हणजे आठ-नऊ महिने. पीओपीच्या वर हवा खेळत नाही, तिथे ७५ डिग्री ही काही अवघड गोष्ट नाही. कपॅसिटरच्या अंगावरचा आकडा वाचायला एक मिनिट लागतं.

तेव्हा कपॅसिटर विकत घ्यायच्या आधी एक ड्रायव्हर काढून उघडा, लाइनपासून तोडून पाच-दहा मिनिटं ठेवल्यावर. ब्रिज रेक्टिफायरच्या लगेच पुढे काय आहे ते बघा. तिथे नुसता चौकोनी फिल्म कपॅसिटर असेल, ०.१ किंवा ०.२२ मायक्रोफॅरडचा, आणि ४०० किंवा ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कुठेच नसेल, तर तो सिंगल-स्टेज आहे आणि वरचं सगळं तुम्हाला लागू आहे. ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक दिसला आणि तरीही पट्टे येत असतील, तर माझा अर्धा हिशोब चुकला. मग तो कपॅसिटर फुगलाय का, त्याची कपॅसिटी मीटरवर किती येते, आणि सोलर सेलवर वेव्हफॉर्म कसा दिसतो, हे मोजून इथेच लिहा. पुढचं त्यावरून बोलू.